ठोके चालू होते

"ठोके अजून चालू आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि हिच्या हातात फार वेळ नाही."

थोरल्या ताईंनी मान वर केली. धर्मसंस्थेच्या त्या रुग्णालयाचा कारभार एकोणीस वर्षं त्या पाहत होत्या. पोटातल्या बाळाचे ठोके चालू असेपर्यंत गर्भपात करायचा नाही, हा संस्थेचा नियम. ताईंपुढे तो मोडायची कुणाची टाप नव्हती.

आत खाटेवर एक शिक्षिका तापानं फणफणली होती. अठरावा आठवडा. दोन दिवसांपूर्वी पाणी गेलं होतं आणि आता जंतुसंसर्ग रक्तात उतरला होता. बाळ वाचण्याची आशा उरली नव्हती. दुसरं रुग्णालय चार तासांवर. तेवढी ती टिकली नसती.

ताई तिच्या उशाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मला हवं होतं हो हे बाळ," ती कशीबशी म्हणाली. "पण घरी पाच वर्षांची लेक आहे माझी. मला जगवा."

ताईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. बाहेर येऊन त्यांनी परवानगीच्या कागदावर सही केली. "बघत काय उभ्या राहिलात? हात चालवा," त्या डॉक्टरीणबाईंवर खेकसल्या.

तिसऱ्या दिवशी शिक्षिका उठून बसली. तिनं चहा मागितला आणि तो निवेपर्यंत भिंतीकडे तोंड करून रडली.

त्याच दुपारी संस्थेचे प्रमुख आले. ताईंना घालवायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला.

"ठोके आधीच थांबले होते, एवढं लिहून द्या. विषय मिटला."

"पण थांबले नव्हते."

"कुणाला कळणार आहे? या एका वाक्यानं तुम्ही वाचाल, ताई."

"मी वाचेन हो. पण उद्या अशीच दुसरी कुणी आली, तर तिच्यासाठी डॉक्टरांनी कुणाचा दाखला द्यायचा?"

ताईंनी लिहिलं, 'ठोके चालू होते. परवानगी मी दिली.' आणि कागद परत केला.

प्रमुखांनी ती दोन वाक्यं वाचली आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"मग तुम्हाला इथे राहता येणार नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "सामान आवरायला हवा तर आठवडा घ्या."

"नको," ताई उठत म्हणाल्या. "सही केली त्याच रात्री आवरून ठेवलंय."