दुसरी सही

बाराशे अंशांपर्यंत तापणारी भट्टी प्रयोगशाळेत बसवली, त्याच दिवशी दोघांचं वाजलं. तंत्रज्ञाने ती भिंतीला चिकटवून ठेवली होती. सुरक्षा बघणाऱ्या बाईंनी सगळ्यांसमोर टेप लावून त्याला ती हातभर पुढे ओढायला लावली. तेव्हापासून तो त्यांना पाण्यात पाहायचा.

भट्टी सुरू करायला कागदावर दोन सह्या लागायच्या, आधी त्याची, मग बाईंची. त्याची चूक सापडावी म्हणूनच जणू बाई दाराची फट, सेन्सरची तार, अगदी हातमोज्यांची शिवणसुद्धा डोळ्यांत तेल घालून तपासायच्या. काही सापडलं की कागद त्याच्यासमोर आपटायच्या. "दार नीट लागलेलं नाही. डोळे घरी विसरलात का?"

अकरा वर्षांनी एकदाची ती ब्याद निवृत्त झाली. निरोपाच्या चहालाही तो फिरकला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या जागी आलेल्या मॅडमनी भट्टीकडे मान वळवून न बघताच सही ठोकली. "तुम्ही बघितलंय ना, मग झालं."

बटणाकडे गेलेलं त्याचं बोट अडलं.


त्याने कागद त्यांच्यासमोर आपटला. "डोळे घरी विसरलात का?"