पाचवी वात

समईच्या पाच वातींपैकी तीन पेटल्या होत्या आणि नओमी रोहेकर रांगेत शेवटी उभी होती. चौथी वात जोयाची. त्यानंतर मेणबत्ती नओमीच्या हातात येणार होती.

सर्वधर्म परिचय वर्गाचं उद्घाटन चाललं होतं. पाच धर्मांची पाच मुलं, पाच वाती. कल्पना वर्ग चालवणाऱ्या सिद्धाराम सरांची, आणि ती त्यांना स्वतःला फारच आवडलेली. संध्याकाळी तेच कोचीनच्या शिबिरासाठी दोन नावं जाहीर करणार होते. तिथं ठिकठिकाणची तीस मुलं एकमेकांची प्रार्थनास्थळं बघणार होती. नओमीला त्यातलं एकच बघायचं होतं. पंधरा वर्षांची झाली तरी सिनेगॉग तिनं फक्त फोनवर पाहिलं होतं. तिच्या माहितीत सोलापुरात ज्यूंचं दुसरं घर नव्हतं, आणि एका घरासाठी सिनेगॉग कोण बांधतंय?

अडचण एवढीच, की आज शनिवार होता. रोहेकरांच्या घरात शब्बाथचं, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाचं, बरंच काही सुटलं होतं. वडील शनिवारी दुकान उघडत, नओमी क्लासला जाई. एक गोष्ट तेवढी टिकली होती. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत आई दिवा लावायची, चहा करून थर्मासात भरायची, आणि मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत घरात काडी ओढली जात नसे. नओमीनं हे वर्गाच्या पुस्तिकेसाठी लिहूनही दिलं होतं. सरांनी तिची पाठ थोपटली, लेख अकराव्या पानावर छापला आणि शनिवारीच तिला दिवा लावायला उभं केलं. कौतुकाच्या घाईत वाचायचं राहून गेलं असावं. सकाळपासून ती तीनदा त्यांच्याजवळ गेली होती. तिन्ही वेळा सर माइकवाल्याशी भांडत होते.

जोयानं आपली वात लावली आणि मेणबत्ती पुढं करता करता थांबली. ती शाळेत नओमीच्याच बाकावर बसायची. थर्मासातला चहा तिनं कितीदा तरी प्यायला होता.

"मैं लगाऊं क्या? तू बस हात लगा," ती पुटपुटली.

सोपं होतं. फोटो चांगला आला असता, कुणाला कळलंही नसतं. नओमीनं शेवटच्या रांगेकडं पाहिलं. आई वर बघतच नव्हती. मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. नओमीला तिचा रागच आला. हो किंवा नाही, मानेनं तरी सांगावं की.

तिनं हात मागं घेतला.

"सर, आज शनिवार आहे. आमच्यात आज विस्तव पेटवत नाहीत."

माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. सर कसनुसे हसले, एक दिवस चालतंय की, पाहुणे खोळंबलेत, असं हळूच म्हणाले.

"अकराव्या पानावर आहे, सर. तुम्हीच छापलंय."

सरांनी पुस्तिका उघडली. ते एक पान वाचायला त्यांना फार वेळ लागला. मग त्यांनी पुस्तिका मिटली आणि पाहुण्यांना भाषणाला बोलावलं. समई चार वातींवर जळत राहिली. गेलं कोचीन, नओमीला वाटलं, आणि तिला रडू यायला लागलं.

चहाच्या सुट्टीत ती आईजवळ जाऊन बसली. आईनं पिशवीतून थर्मास काढला आणि झाकणात चहा ओतला. तेवढ्यात सर समोर येऊन उभे राहिले. त्यांनी हात पुढं केला.

"कालचा हाय, सर," आई संकोचून म्हणाली.

सरांनी झाकण घेतलं, उभ्या उभ्याच एक घोट घेतला.

"गरम हाय की अजून." त्यांनी दुसरा घोट घेतला, थर्मास उचलून वजन बघितलं. "बाई, यापेक्षा मोठा हाय का घरात? शिबिरात शनिवार दोन येत्यात, आणि पोरं तीस हायत."