बंदी उठल्यावर

समुद्रात मासेमारीबंदी लागली, तशी विठाबाईंनी कोल्हापुरातलं आपलं मासळीचं दुकान दोन महिने बंद ठेवलं. "पोटुशी मासळी म्या इकणार न्हाय," एवढंच म्हणाल्या. समोरचा दुकानदार चोरून आलेली मासळी विकत होता. विठाबाईंचं नेहमीचं गिऱ्हाईक, बाळासो, आखाडातल्या दर रविवारी तिथूनच अंड्यांच्या गाभोळीनं भरलेला मासा नेताना दिसायचे.

बंदी उठली. मालवणहून पहिली गाडी आली. दुपार झाली, बर्फ वितळत चालला, तरी कुणी फिरकेना. विठाबाई सारख्या आत-बाहेर करत होत्या. तेवढ्यात बाळासो दिसले.

"या की बाळासो, ताजी सुरमई हाय!"

बाळासोंनी लांबूनच हात जोडले.

"श्रावण लागलाय मावशी. जीव मारल्याचं पाप नगं."