सव्वा वाजताचं गाणं

"इतका महागाचा नको. यांना एक गाणं लावता आलं म्हणजे झालं," म्हणत सुचित्राने फोन परत सरकवला.

'यांना' म्हणजे शेजारीच उभ्या असलेल्या तिच्या सासूबाईंना. गंगुबाई दुकानाबाहेर, दादरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

दुकानदार दौलतने दुसरा फोन काढला आणि सिमचं समजावलं. सुचित्राच्याच कंपनीचं सिम घेतलं तर तिच्या पॅकमधली गाणी या फोनवरही फुकट. अट एवढीच, की गाणं एका वेळी एकाच फोनवर वाजणार.

"माझ्या आवाजाक काय झालां?" गंगुबाईंनी रस्त्याकडे बघतच विचारलं.

"खोकता तुम्ही, आई. शर्वी दचकते."

चौदा महिन्यांच्या शर्वीला एका गाण्याची सवय लागली होती. ते पुन्हा पुन्हा वाजत राहिलं की गाढ झोप, थांबलं की टक्क जागी. सुचित्रा माहीमच्या बँकेत, नवरा हितेंद्र फिरतीच्या नोकरीवर. परळच्या खोलीत दिवसभर आजी आणि नात. दुपारी एकला गाणं लावायचं आणि तीनपर्यंत फोनला हात लावायचा नाही, हे सुचित्राने सासूबाईंकडून तीनदा वदवून घेतलं.

तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मग तिला ती अट आठवली. घरी गाणं चालू असेल तर आपल्या फोनवर ते लागणारच नाही. पहिल्याच दिवशी सव्वा वाजता, डबा उघडण्याआधी, तिने बँकेत ते लावून पाहिलं.

लगेच लागलं.

दोन ओळींत तिने ते बंद केलं. कोणाला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

शनिवारी शेजारच्या शैलाने स्वतःहून सांगितलं, पोर रोज दुपारी गळा काढून रडते.

"मी लावतंय," गंगुबाई म्हणाल्या. "झोपता, आणि मगे तां आपलां आपणच बंद पडतां."

दौलतने फोन तासभर वाजवून पाहिला. दोष नव्हता. रविवारी सुचित्रा घरी असताना तर तो एक ते तीन अखंड वाजला. शर्वीने कूससुद्धा बदलली नाही.

"आज बरा नाही बंद पडला," सुचित्रा म्हणाली. गंगुबाई तांदूळ निवडत राहिल्या.

असे तीन आठवडे गेले. शर्वीचं वजन उतरलं. डॉक्टरांनी विचारलं, दुपारी झोपू देत नाही का कोणी? त्या संध्याकाळी सुचित्राने हितेंद्रसमोर सगळं मांडलं: रोज सव्वा वाजता आपण तपासतो, आणि एकाही दिवशी घरी गाणं लागलेलं नसतं. तुझ्या आईला फोन आणल्याचा राग आहे, आणि तो राग ती लेकरावर काढते. गंगुबाईंनी शर्वीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला हात उचलला.

"माझ्या मुलीची शपथ घ्यायची नाही," सुचित्राने शर्वीला मागे ओढलं. "तुम्ही गावी जा, आई. किंवा मी हिला घेऊन जाते."

चाळीस वर्षं ज्या खोलीत काढली तिथून गंगुबाई एका पिशवीनिशी निघाल्या. देवगडला धाकट्या दिरांकडे. फोन त्यांनी फळीवर ठेवला. उंबऱ्यात थांबून, नातीकडे बघत, एकदा चेडवाला घेऊ का, असं विचारलं. सुचित्रा म्हणाली, आत्ताच झोपलीय.

सोमवारपासून मालन नावाची बाई ठेवली. तिलाही तोच फोन, तेच एक वाजताचं गाणं. पहिल्याच दिवशी सुचित्रा अर्धी रजा टाकून, न सांगता आली आणि गॅलरीत खिडकीआड उभी राहिली.

आत गाणं चालू होतं. मालन पदराने वारा घालत होती. शर्वी मूठ उघडी टाकून झोपली होती, कित्येक दिवसांत झोपली नव्हती तशी. सुचित्राचे डोळे भरून आले. हेच, एवढंच तर हवं होतं.

सव्वा वाजला. सवयीने तिने आपल्या फोनवर गाणं लावलं.

ते लगेच लागलं. आतलं थांबलं, आणि शर्वी रडत उठली.