मुरू द्या

सव्वापाच वाजले तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी टेबलाचा खण उघडला. कालचं परिपत्रक वरच होतं. दहावीच्या ज्या मुलांच्या घरी फोन नाही त्यांना सरकार टॅब्लेट देणार, अर्ज शुक्रवारी पाचच्या आत. आज शुक्रवार. शाळेत अशी सत्तावीस मुलं होती आणि शाळा बंद झाल्यापासून त्यांच्यापर्यंत एक धडा पोचला नव्हता.

दिवसभर बाई मुदतवाढीची वाट बघत होत्या. आजवर प्रत्येक परिपत्रक बदललं होतं, नेमकं हेच बदललं नाही.

साथीच्या सुरुवातीला त्यांनी आलेला हुकूम त्याच दिवशी पाळला होता. एका बाकावर एक मूल, जास्तीची बाकं व्हरांड्यात. दुसऱ्याच दिवशी कागद आला, व्हरांडे मोकळे ठेवा. तेव्हापासून बाई ताकही फुंकून पिऊ लागल्या. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण त्यांनी दोन दिवसांवर आणली. नवा कागद खणात टाकायचा आणि लेखनिकांना म्हणायचं, "भाऊसाहेब, मुरू द्या." दोन दिवसांत तो रद्द करणारा दुसरा कागद यायचाच.

शाळेत ही दोनच माणसं उरली होती. शिक्षक घरून शिकवत होते आणि शिपायाची ड्युटी विलगीकरण केंद्रात लागली होती. वर्ग सगळे माडीवर. बाईंच्या गुडघ्यांनी जिन्याशी कधीचाच काडीमोड घेतला होता. मध्ये एकदा तपासणीचे साहेब अचानक आले, वर फिरून आले आणि 'समाधानकारक' असा शेरा लिहून गेले. साहेबही आपल्यासारखेच कंटाळले असणार, असं बाईंना वाटलं.

भाऊसाहेब कंबरेला पट्टा बांधून कामाला यायचे. "बसून बसून धरली तुमची कंबर," बाई चिडवायच्या. "जरा हला की." ते नुसते हसायचे.

आज बाईंना चिडवायचंही त्राण नव्हतं. "सत्तावीस पोरांचं वर्ष मी खणात घातलं, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

भाऊसाहेबांनी फायलीतून एक कागद काढून पुढे सरकवला. अर्जाची पोचपावती. सत्तावीस नावं, तारीख कालची.

"हे कुणी पाठवलं?"

"मीच. पासवर्ड तुमच्या टेबलाच्या काचेखाली आहे. विचारलं असतं तर मुरू द्या म्हणाला असता."

बाईंनी पावती तीनदा वाचली. मग त्यांच्या मनात काहीतरी आलं. "आणि आधीची परिपत्रकं?"

"तीपण."

"बाकं?"

"एखादा कागद नाहीच बदलला तर, म्हणून त्याच दिवशी लावायचो. बदलला की परत लावायची." भाऊसाहेब चोरी पकडल्यासारखे खाली बघत होते. "तुम्ही घरी गेल्यावर."

बाई त्यांच्या कंबरेच्या पट्ट्याकडे बघत राहिल्या. 'जरा हला की' हे आपलेच शब्द त्यांना नको नकोसे झाले.

तेवढ्यात संगणक वाजला. सुधारित सूचना. सोमवारपासून दहावीचे वर्ग सुरू, एका बाकावर दोन मुलं. भाऊसाहेबांनी छापून कागद दिला. सवयीनं बाईंचा हात खणाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी खण लावून टाकला, कागद घेतला आणि जिन्याकडे निघाल्या. कठडा धरून एकेक पायरी. मधल्या वळणावर त्या बसल्या, दम खाल्ला, पुन्हा उठल्या. भाऊसाहेब हात पुढे करून दोन पायऱ्या मागे.

दहावीच्या वर्गात बाकं शिस्तीत लांब लांब उभी होती. बाईंनी त्यातल्या एकाचं टोक धरलं.

"राहू द्या, बाई," भाऊसाहेब म्हणाले. "उद्या बदलेल हे."

"बदलू दे," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिकडून धरा."