खाणारी एकटी

कल्याणच्या मुलींच्या शाळेत द्वारकाबाई आणि त्यांचे यजमान दोघेही शिकवीत. बाईंना पगार निम्मा, कारण कमिटीच्या मते त्या घरात एक पुरा पगार जातच होता. माघात यजमान वारले. त्यांच्या जागी तरुण मास्तर आले आणि त्यांना पहिल्यापासून पुरा पगार लागला. तेव्हा बाई कमिटीच्या त्र्यंबकरावांकडे गेल्या आणि दाराआडून बोलल्या.

"आता तरी माझा वाढवावा."

"आता तर खाणाऱ्या तुम्ही एकट्याच, बाई."

"नवे मास्तरही एकटेच आहेत."

"त्यांचं लग्न व्हायचंय अजून."

बाई घरी आल्या. भाताला तांदूळ मूठभरच घेतले. चुलीला लाकडं मात्र पूर्वीइतकीच लागली.