कुंतीची लाल फळं

नागावच्या आपल्या होमस्टेच्या कुंपणाला क्रांतीने मुद्दाम कुंती लावली. नर्सरीवाला म्हणाला होता, हिची लाल फळं खूप दिवस टिकतात, पाहुण्यांचे फोटो छान येतील. टिकतात कसली! शनिवारी आलेली पोरं रविवार दुपारपर्यंत झुडपं ओरबाडायची, फळं एकमेकांना फेकून मारायची, आणि त्यांचे आईबाप झोपाळ्यावर बसून हसायचे. सांगून सांगून क्रांतीचा घसा बसला. शेवटी वैतागून तिने एक खोटीच पाटी लावली : "फळे विषारी आहेत. हात लावू नये."

पोरं लांब राहू लागली. मग एका पाहुणीने त्या पाटीचा फोटो नेटवर टाकला आणि खाली लिहिलं, "लहान मुलं असतील तर इथे मुळीच येऊ नका. अंगणातच विष लावून ठेवलंय."

नाताळची बुकिंगं एकेक करून रद्द झाली. थर्टीफर्स्टच्या संध्याकाळी क्रांती पायरीवर बसून न वापरलेल्या चादरींच्या पुन्हा घड्या घालत होती. सासू आवडाबाई शेजारी येऊन टेकली आणि लालेलाल कुंपणाकडे बघत राहिली.



"टिकली गो बाय तुझी फळं."